दोन खणांची नाव

सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. नांदेडच्या कापडगिरणीचा भोंगा नुकताच थांबला होता आणि गोदावरीच्या काठावर दगडोबा सुतार चौथ्या फळीवर रंधा मारत होता. पुरतं उजाडलं नव्हतं, पण रंध्याला त्याला उजेड लागत नसे. फळी कुठं उंच आहे, कुठं खोल आहे, हे डोळ्याआधी तळहाताला कळतं असं तो सांगायचा. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं बैलगाड्या केल्या, तिफणी केल्या, दारं, देव्हारे, पाळणे केले. नाव कधी केली नव्हती.

१९३९ साल संपत आलं होतं. निजामाच्या सरकारी दफ्तरात १३४९ फसली साल लागून दोन महिने झाले होते. नांदेडच्या खाली अडीच कोसांवर, नदीच्या काठी बोरगव्हाण नावाचं साठ उंबऱ्यांचं गाव होतं, आणि त्या गावच्या पंचांनी दगडोबाला संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. संक्रांतीला पाच आठवडे उरले होते.

मुदत त्याच्या बायकोला हलवण्याची होती. तुळजाबाईच्या डाव्या हातावर दोन वर्षांपूर्वी पांढुरका चट्टा उठला. तिथं टोचलं तरी कळत नसे. मग एके दिवशी भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला चिकटून राहिलं आणि चटका बसल्याचं तिला वासावरून कळलं. गावात तेव्हा कुष्ठाला रक्तपिती म्हणत. हा शब्द एकदा कुणी उच्चारला की घरात परत जाता येत नसे. पाटलाच्या ओट्यावर बैठक झाली आणि तुळजाबाई गावच्या शिवेबाहेर, चिंचेखालच्या खोपीत राहायला गेली.

दगडोबा रोज दोन वेळा भाकरी घेऊन जायचा. खोपीसमोर एक चपटा दगड होता. त्यावर फडकं ठेवायचा, दहा पावलं मागं सरायचा, मग ती येऊन फडकं उचलायची. पाणी वरून ओतायचा. सव्वा वर्ष असं चाललं. शेतातून जाणारेयेणारे बघतात म्हणून मागं सरावं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तुळजाबाईचंही तेच म्हणणं होतं. तो मागं सरताना ती सांगायची, "बगा, तो गणपतीचा बाप बांधावर उभा हाय. आजून चार पावलं सरा, न्हाई तर तुमचं काम तोडील."

मग पाणवठ्यावरच्या बायकांनी तक्रार केली. खोप पाण्याच्या वाटेवर येते, सणासुदीला सुगडं घेऊन जाताना तोंड दिसतं. पंच म्हणाले, संक्रांतीच्या आत तिला हलव. निझामाबादच्या पलीकडं मिशनचा दवाखाना आहे, तिथं असली माणसं ठेवून घेतात. दगडोबानं तिला विचारलं. ती म्हणाली, "मुलूख तेलंग्यांचा. मला तिथलं पानी मागता यायचं न्हाई. तुमी इथं, मी तिथं. त्यापरीस मला डोहात ढकला."

त्यातला डोह तेवढा दगडोबाच्या डोक्यात राहिला.

तो पटवाऱ्याकडं गेला. पटवारी मार्तंडराव ओट्यावर वह्या पसरून बसले होते. त्यांनी दगडोबाला अंगणातच थांबवलं.

"तिथूनच बोल. काय म्हणतोस?"

"शीव कुठवर हाय, राव?"

"कुणाच्या शेताची?"

"गावाची. नदीकडून."

मार्तंडरावांनी चष्मा वर केला. "पात्राच्या मध्यापर्यंत बोरगव्हाण. तिथून पुढं पैलगावची हद्द."

"आन् मधी?"

"मधी म्हणजे?"

"बरोबर मधी. पान्यावर."

 पटवाऱ्यांना हसू आलं. "पाणी सरकारचं. माती कुणाचीच नाही. पाण्यावर घरपट्टी बसवायचं फर्मान अजून तरी निघालेलं नाही. का रे? बंगला बांधतोस का काय नदीत?"

"हाव," दगडोबा म्हणाला.

माहूरच्या जंगलातलं सागवान त्याच्या घरामागं आठ वर्षं सावलीत वाळत पडलं होतं. घराला माडी चढवायची म्हणून ठेवलेलं. ते त्यानं गाडीत घालून काठावर आणलं. वीस हात लांब, पाच हात रुंद, सपाट बुडाची नाव. वर बांबूच्या कमानी, कमानींवर बोरूच्या तट्ट्यांचं छप्पर. दोन्ही टोकांना एकेक मोठा दगड दोरखंडानं बांधून ती डोहाच्या मधोमध उभी करायची. बोरगव्हाणचा डोह उन्हाळ्यातही आटत नाही. नदीची धार पिंढरीएवढी होते तेव्हाही तिथं दोन पुरुष पाणी असतं.

नाव कशी करतात ते सटवाजी भोयाला विचारायचं होतं. सटवाजी पन्नाशीचा, बापजाद्यांपासून नदीच्या उतारावर माणसं पैलतीरी नेणारी नाव चालवणारा. तो पाचव्या दिवशी आला, फळ्यांभोवती एक फेरी मारली, दोन फळ्यांच्या सांध्यावर नख फिरवलं आणि म्हणाला, "मिस्तरी, हे काय करून राहिले तुमी?"

"सांधा."

"यात तर केस बी जाईना."

"केस जाईल तर तो माझा सांधा न्हाई." दगडोबाचा हा जुना अभिमान होता. त्याच्या दारांतून दिव्याचा उजेड बाहेर येत नाही, असं आसपासच्या सात गावांत म्हणत.

"मंग बुडाल," सटवाजी म्हणाला. "लाकूड पानी पितं. पिल्यावर फुगतं. फुगायला जागा न्हाई ठिवली तर फळ्या एकमेकींला ढकलतात आन् खिळे उपसून येतात. दार हाय का हे? नावेला फट लागती. फटीत अंबाडीचा वाख ठोकायचा, वरून राळ आन् कढवलेलं करडीचं तेल. लाकूड फुगलं की अंबाडी दाबून बसती."

"मी फट ठिवू?"

"ठिवा की. कुनी बगाया येत न्हाई पान्याखाली."

दगडोबाला फट ठेवायला तीन दिवस लागले. हात आपोआप फळी घट्ट बसवी, मग तो ती उचकटून काढी. सटवाजी काठावर बसून बिडी ओढत हसे. "राहू द्या, राहू द्या. आता कसं भोयासारखं काम दिसतंया. सुतारकी गेली तुमची."

त्याच सटवाजीनं आणखी एक गोष्ट सांगितली. एवढ्या लांब नावेला मधोमध आडवी फळ्यांची भिंत हवी. नाही तर पुराच्या पाण्यात कडा फाकतात. ते ऐकून दगडोबाला बरं वाटलं. का बरं वाटलं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

भिंतीनं नावेचे दोन खण झाले. पुढचा त्याचा, मागचा तिचा. तिच्या खणात त्यानं मातीनं लिंपलेली चुलीची पेटी बसवली, सरपणाला खाली कप्पा केला, अंथरुणासाठी फळी, लुगड्यासाठी दोन खुंट्या. खुंट्या खाली लावल्या, कारण तिचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. फळ्यांच्या कडा गोल केल्या. कुठंही कुसळ राहू दिलं नाही, तिला लागलं तर कळणार नाही म्हणून. भिंतीच्या मध्यावर, बसल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, त्यानं एक वीतभर चौकोन कापला आणि त्याला झडप बसवली. ताट यायला-जायला. झडपेला पितळी कडी लावली. नावेतल्या त्या घरात लावलेल्या पहिल्याच वस्तूंपैकी ती एक होती आणि ती त्यानं फार नीट लावली.

सात जानेवारीला नाव पाण्यात ढकलली. दोन दिवस तिच्यात पाणी झिरपलं, सटवाजीनं डबड्यानं उपसलं, तिसऱ्या दिवशी लाकूड फुगलं आणि झिरपणं थांबलं. सटवाजी बुडाच्या फळ्यांवर आडवा झोपला आणि अंगरखा कोरडा आहे हे उठून त्यानं सगळ्यांना दाखवलं. काठावर दहा-पंधरा माणसं जमली होती. कुणी तरी म्हणालं, "पौषात घरभरणी कोन करतं?" सटवाजी म्हणाला, "पंचांनीच मुहूर्त काढलाय, त्यांला इचार."

दहा तारखेला दिवस कलताना तुळजाबाई आली. चिंचेपासून नदीपर्यंत ती एकटी चालत आली. काठावरची माणसं बाजूला झाली. नाव अजून काठालाच होती; फळीवरून ती चढली आणि मागच्या खणात गेली. दगडोबा पुढच्या खणात उभा राहून भिंतीच्या फटीतून ऐकत होता. खरं तर त्या भिंतीला फट नव्हती. ती पाण्याला लागत नसल्यानं त्यानं ती आपल्या नेहमीच्या सांध्यांनी केली होती. त्याला फक्त तिच्या पायांचा आवाज येत होता.

ती एकेक वस्तू बघत होती. हाताला कळत नसल्यानं लाकडाचा गुळगुळीतपणा ती गालानं बघायची. तिनं झोपायच्या फळीला गाल लावला, चुलीच्या पेटीला लावला, खुंटीला लावला.

"लई चांगलं केलंय," ती मोठ्यानं म्हणाली. "घरी माडी केली असती तरी येवढं केलं नसतं तुमी."

"खुंट्या बगितल्या का?"

"बगितल्या."

मग झडप हलल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. ती ढकलत होती. झडप उघडत नव्हती. दगडोबा पुढं झाला, कडी काढली, झडप उघडली. पलीकडं तिचा चेहरा होता, सव्वा वर्षात इतक्या जवळून न पाहिलेला. भुवया विरळ झाल्या होत्या. नाकाचा शेंडा थोडा बसला होता.

ती त्याच्याकडं बघत नव्हती. झडपेच्या त्याच्या बाजूला बघत होती.

"कडी तुमच्याकडून हाय."

"हाव."

"माझ्याकडून न्हाई."

दगडोबा म्हणाला, "सुतार ज्या बाजूला उभा असतो, त्या बाजूला कडी लागती. सवय." हे खरंही होतं. त्यानं त्या दिवशी पुढच्या खणात उभं राहून काम केलं होतं. पुढच्या खणात का उभा होता, हे मात्र तो सांगू शकला नसता. "लावतो की. आता लावतो तुझ्याकडून बी."

त्यानं लगेच लावली. घरातून तशीच दुसरी पितळी कडी आणली, झडपेतून हात घालून तिच्या बाजूला बसवली. तो हात घालत असताना ती फळीच्या टोकाला सरून बसली होती. आता झडपेला दोन कड्या झाल्या.

मग नाव डोहाच्या मधोमध नेऊन दगड सोडले आणि नऊ दिवस ते दोघं तिच्यावर राहिले. दगडोबा सकाळी सटवाजीच्या छोट्या डोंग्यातून काठावर यायचा, नदीत अंघोळ करून गावात कामाला जायचा. संध्याकाळी परत यायचा. ती स्वयंपाक करून ठेवायची. तिच्या हातचं खाणं त्याला सव्वा वर्षानं मिळालं. झडपेतून ताट यायचं. कडेला धरून ती ते सरकवायची आणि हात मागं घ्यायची, मग तो उचलायचा. भाकरी गरम असे. तो म्हणायचा, "चटणीला तिखट झालं." ती म्हणायची, "पानी प्या. खाली लई हाय." काठावरच्या कुणाला त्यांचं हसू ऐकू गेलं असेल. संक्रांतीला तिनं झडपेतून तिळाचा लाडू सरकवला. तोही ताटात ठेवून.

मधल्या काळात तिनं सटवाजीकरवी पटवाऱ्याला निरोप धाडला होता. दगडोबाला ते नवव्या संध्याकाळी कळलं. तीच बोलली, झडपेतून, जेवण झाल्यावर.

"उंद्या गाडी येनार हाय घाटावर. दवाखान्याची. पटवाऱ्यांनी चिठ्ठी दिलीया."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी."

दगडोबा उठून उभा राहिला. नाव किंचित हलली. "तेलंग्यांच्या मुलखात पानी मागता येत न्हाई म्हनलीस. डोहात ढकला म्हनलीस. मंग ही नाव कुनासाठी केली मी?"

"माझ्यासाठीच केली. न्हाई कोन म्हनतं? असं घर पाटलाच्या सुनेला न्हाई."

"मंग काय कमी हाय? सांग. करतो."

 तिचा आवाज चढला नाही. "चिंचेखाली व्हते तवा वाटायचं, गावानं लांब ठिवलंय. धनी काय करतील, लोक बगतात. दहा पावलं सरतात ती गावासाठी. मी बी तेच म्हनायची. आता गाव तिकडं काठावर हाय. बांदावर कुनी उभं न्हाई. मंग ही फळी कुनासाठी हाय?"

"नावेला लागती. सटवाजीला इचार. कडा फाकतात."

"फळी नावेला लागती," ती म्हणाली. "झडप लागती का?"

 तो म्हणाला, "झोप आता."

सकाळी त्यानं काम सुरू केलं. पटाशी आणि हातोडा घेऊन तो भिंतीच्या वरच्या फळ्या उचकटू लागला. सांधे घट्ट होते, केस जाणार नाही असे. एक फळी चिरली. दुसरी निघाली, तिसरी निघाली. त्या फटीतून तुळजाबाई गाठोडं बांधताना दिसली. दोन लुगडी, एक वाटी, तव्याचा तुकडा.

"राहू द्या," ती म्हणाली. "पूर आला तर नाव फाकल. सटवाजीभाऊंनी मला बी तसंच सांगितलंया."

"सगळी काढतो. एकच खण करतो."

"करा की. मंग या इकडं."

दगडोबा पटाशी घेऊन उभा राहिला. भिंत आता त्याच्या कमरेएवढी उरली होती. चाळीस वर्षं तो अशा उंचीच्या कुंपणांवरून, ओट्यांवरून, लाकडांच्या ढिगांवरून चढत-उतरत आला होता. तिनं वाट बघितली. किती वेळ, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. सटवाजी काठावरून डोंगा घेऊन निघाला होता आणि तो नावेला टेकेपर्यंत ती तशीच उभी होती, एवढं त्याला आठवतं. डोहाच्या काठापासून मध्यापर्यंत यायला सटवाजीला चिलीम भरण्याइतका वेळ लागतो.

मग तिनं गाठोडं उजव्या हातात घेतलं आणि ती मागच्या टोकाला आली. नावेतून डोंग्यात उतरायला एक पायरीभर खाली पाय टाकावा लागतो. दगडोबा बाहेरून, कडेवरून चालत तिच्याजवळ पोचला. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि आधारासाठी हात पुढं केला. उजवा हात. त्यावर चट्टा नव्हता, बोटं सरळ होती.

दगडोबानं गाठोडं उचललं.

सटवाजीनं हे बघितलं. त्यानं वल्हं आडवं पुढं केलं. तुळजाबाईनं वल्ह्याचं टोक धरलं आणि ती डोंग्यात उतरली. दगडोबानं गाठोडं वरून तिच्या पायांशी ठेवलं. नीट ठेवलं, वाटी वाजणार नाही असं.

घाटावर दवाखान्याची बैलगाडी उभी होती. तीत आधीच दोन माणसं बसली होती. गाडीवान स्वतः कधी काळी तिथलाच रोगी होता, त्याच्या दोन बोटांची पेरं गेलेली होती. गाडी सुटली तेव्हा दगडोबा नावेवरच होता. तिनं मागं वळून बघितलं की नाही, हे त्यानं सटवाजीला विचारलं. सटवाजी म्हणाला, "माझं ध्यान वल्ह्यात व्हतं, मिस्तरी." घाटावर वल्ह्याचं काही काम नसतं.

त्यानंतर पंचांनी निरोप पाठवला की आता दगडोबानं गावात यावं, घर उघडावं, हरकत नाही. तो गेला नाही. भिंतीच्या तीन फळ्या त्यानं पुन्हा बसवल्या नाहीत. रात्री तो पुढच्या खणात झोपतो. मागच्या खणातली चूल तो दर आठवड्याला लिंपतो, पण तिच्यावर काही शिजवत नाही. काम मागायला येणारे काठावरून हाका मारतात. त्याची दारं पूर्वीसारखीच घट्ट लागतात. फाल्गुनात एका तेलंगी गाडीवाल्याला त्यानं नवं जू करून दिलं आणि मोबदल्यात तेलुगूत पाणी कसं मागतात ते विचारून घेतलं. दवाखान्याला एकदा जाऊन यावं असं तो म्हणतो. सटवाजीनं तीनदा विचारलं, कधी? तिन्ही वेळा काम निघालं.

चैत्रात पत्र आलं. गुरुवारी, सकाळच्या टपालानं. पत्र दवाखान्यातल्या कुणी तरी तिच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. मार्तंडरावांनी ते ओट्यावर बसून वाचलं. दगडोबा अंगणात उभा होता. या खेपेला त्याला कुणी थांबवलं नव्हतं, तो स्वतःच थांबला.

"खुशाल आहे. इथं बारा बायका एका दालनात आहेत. एक उदगीरकडची आहे, तिला मराठी येतं. मी भाजी निवडते. कडूकवठाच्या तेलाची सुई देतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. सुई लई दुखते. देणारी बाई दुसऱ्या हातानं दंड धरून ठेवते, सुई निघेपर्यंत सोडत नाही. तुमचं जेवणाचं बघा."

मार्तंडरावांनी कागद उलटून बघितला.

"परत कदी येनार, असं हाय का त्यात?"

"नाही. खाली फक्त लिहिणाऱ्यानं सुईची वेळ आणि तिचा क्रमांक टाकलाय."

"ते दंडाचं आजून एकदा वाचा, राव."

मार्तंडरावांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि पत्र घडी करून ओट्याच्या कडेला ठेवलं. दगडोबानं ते उचललं, टोपीत घातलं आणि तो नदीकडं गेला.

उद्या शुक्रवार. सुया सकाळी आठला सुरू होतात. पत्राच्या शेवटी लिहिणाऱ्यानं तिचा सुईच्या रांगेतला क्रमांक दिला आहे, सव्वीस. म्हणजे पंचवीस दंडांनंतर तिचा.